जुनी तार, नवा भार

गिरगावातल्या चाळीतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड असो की पुण्याच्या पेठेतल्या वाड्याची माडी, १९५५ च्या सुमारास घरातला विजेचा संसार आटोपशीर होता. साठ वॉटचे दोन बल्ब, ऐपत असली तर छताला एक पंखा आणि हौस असली तर व्हॉल्व्हचा रेडिओ. सगळं एकदम लावलं तरी अडीचशे वॉटच्या आतबाहेर, म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह जेमतेम एक अँपिअर. त्याच खोल्यांत आज दीड टनाचा एसी आहे, मोरीत दोन हजार वॉटचा गीझर आहे आणि ओट्यावर इंडक्शनची शेगडी. ही तीनच उपकरणं एका वेळी चालू झाली तर साडेपाच हजार वॉटच्या घरात जातात, म्हणजे तेवीस-चोवीस अँपिअर.

मधल्या काळात भिंतींचा रंग बदलला, शहाबादी फरशी जाऊन टाइल्स आल्या, लाकडी खिडक्यांच्या जागी सरकत्या काचा बसल्या. भिंतीतली तार मात्र कितीतरी घरांत तीच राहिली.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एक अँपिअर नेणाऱ्या तारेतून तेवीस अँपिअर न्यायचे ठरवले तर उष्णता पाचशे पटींवर जाते. पण दुखणं एवढंच असतं, तर फ्यूज उडाला असता आणि विषय तिथंच मिटला असता. जुन्या घरांत तो मिटत नाही. तार म्हातारी होत असताना तिच्या राखणीला बसवलेल्या गोष्टीही एकेक करून निकामी झालेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या घरातल्यांनी किंवा घाईतल्या वायरमननंच, वेळ मारून नेण्यासाठी, निकामी केलेल्या असतात.

तारेवरून घराचं वय

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट १८८२ सालीच विजेच्या दिव्यांनी उजळलं. घरोघरी वीज पोचू लागली ती १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीमुळे. आजच्या बेस्टची ही पूर्वज. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटातल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. उरलेल्या महाराष्ट्राची गोष्ट पुष्कळ उशिरा सुरू होते. राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं आणि बहुसंख्य खेड्यांत खांब उभे राहिले ते त्यानंतर. त्यामुळे ‘जुनं वायरिंग’ म्हटलं की दक्षिण मुंबईत ते ऐंशी-नव्वद वर्षांचं असू शकतं, तर सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या गावात पन्नास वर्षांचं.

जाणता वायरमन घरात शिरल्या शिरल्या भिंतीकडे बघून काळ सांगतो. दोन खाचांची लाकडी पट्टी आणि तिच्यावर लाकडाचंच झाकण दिसलं, तर ते केसिंग-कॅपिंग, सगळ्यांत जुनं. सागवानी पट्टीवर काळी तार टिनच्या क्लिपांनी बसवलेली असेल, तर ते बॅटन वायरिंग. मध्यमवर्गीय घरांत ते पुढची कित्येक वर्षं चाललं. भिंतीत गाडलेल्या नळीतून तार नेण्याची पद्धत पुढे सर्रास झाली. पीव्हीसीच्या वेष्टनाची तार साधारण साठच्या दशकापासून रुळत गेली.

त्याआधीच्या तारेवर असायचं ते रबर. गंधक मिसळून टणक केलेलं हे रबर तांब्यावर चढवायचं आणि त्यावर सुताचं विणकाम. गंधक तांब्याला खातं, म्हणून तांब्याच्या तारेला आधी कथलाची कल्हई केलेली असे. कारागिरी चोख होती, पण रबराला आयुष्य असतं. वर्षानुवर्षं ऊब आणि हवा खाऊन ते सुकतं, कडक होतं, तडकतं. कुणी हात लावत नाही तोवर ते तारेभोवती जागच्या जागी उभं असतं. मग एक दिवस होल्डर बदलायचा म्हणून वायरमन छताजवळचा लाकडी गोल गट्टू उघडतो, तार बोटानं जराशी वाकवतो आणि वेष्टनाचा काळा भुगा हातावर पडतो. आत दोन उघड्या तारा, एकमेकींपासून दोन सूत अंतरावर. मागे साठ-सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड. चांगला वायरमन अशा वेळी होल्डर बसवायचं काम थांबवून आधी घरमालकाला स्टुलावर चढवतो आणि ते दाखवतो.

पीव्हीसी रबरापेक्षा पुष्कळ टिकाऊ आहे. तरी घरगुती पीव्हीसी तार साधारणतः सत्तर अंश सेल्सिअस तापमानापर्यंत काम करण्यासाठी बनवलेली असते. रोज संध्याकाळी त्याच्या वर तापत राहिली तर तीही ठिसूळ होते. म्हणून १९८५ च्या इमारतीतल्या रहिवाशांनी ‘आमचं काही इतकं जुनं नाही’ असं समजून निर्धास्त राहण्यात अर्थ नसतो.

जाडीचाही प्रश्न आहे. जुने वायरमन तार मागताना ‘तीन-बावीस’ किंवा ‘सात-वीस’ म्हणत. पहिला आकडा पदरांचा, दुसरा गेजचा. तीन-बावीस म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर. आज दुकानात ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’, ‘चार एमएम’ असं मागतात, तेही चौरस मिलिमीटरच. एसीसाठी किंवा गीझरसाठी आता किमान अडीच आणि बऱ्याचदा चारची तार टाकतात. जुन्या घरात नवा एसी ज्या पॉइंटवर लागतो, त्याच्या मागे अनेकदा पंख्यासाठी ओढलेली तीन-बावीस असते.

ॲल्युमिनियमची वर्षं

साठ आणि सत्तरच्या दशकांत देशात परकीय चलनाची चणचण होती आणि तांबं मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावं लागे. ॲल्युमिनियम देशात तयार होत होतं. साहजिकच घरांच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमची तार शिरली आणि त्या काळात बांधलेल्या वसाहती, कर्मचारी निवास, सहकारी सोसायट्या यांत ती आजही सापडते. टोक थोडं खरवडलं की तांबूसऐवजी चंदेरी दिसतं, तेवढ्यावरून ओळख पटते. मात्र कल्हईच्या जुन्या तांब्यालाही वरून तसाच रंग असतो, त्यामुळे खरवडूनच बघावं लागतं.

ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीजवाहक आहे, म्हणून तार जाड घ्यावी लागते. ते गणित जमवता येतं. खरी अडचण जोडावर येते. हवेशी गाठ पडताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. धातू मऊ, त्यामुळे स्क्रूखाली दाबला गेला की हळूहळू सरकतो. तापल्यावर पितळेपेक्षा जास्त फुगतो, निवल्यावर आक्रसतो. रोज फुगणं-आक्रसणं चालू राहिलं की स्क्रू सैल. त्यात कोकणपट्टीची दमट, खारी हवा असली तर पितळ आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे गंज चढतो.

सैल जोड हा जुन्या वायरिंगमधला सगळ्यांत फसवा दोष. जोडात अर्ध्या ओहमचा विरोध तयार झाला आणि त्यातून दहा अँपिअर गेले, तर त्या एका बिंदूवर पन्नास वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटची असते; तशा दोन, प्लास्टिकच्या बोर्डाच्या आड, सतत चालू. शिवाय फ्यूजला किंवा एमसीबीला, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, यातलं काहीच कळत नाही. प्रवाह वाढलेलाच नसतो, तो दहाचे दहाच अँपिअर असतो. त्यामुळे ही राखण घरातल्या माणसांनाच करावी लागते. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देतात, सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी वर्तुळ दिसतं, बोर्डातून बारीक करकर ऐकू येते, फ्रीज सुरू होताना दिवा मंदावतो, जळक्या प्लास्टिकचा वास येऊन जातो. यातलं एकही लक्षण दिसलं तर त्या पॉइंटचा वापर बंद करून जोड उघडून बघणं हा एकच इलाज.

उडायचा थांबलेला फ्यूज

चिनीमातीचा पांढरा किटकॅट फ्यूज महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी स्वतःच्या हातानं बांधला आहे. त्यातली बारीक तार मुद्दाम दुबळी ठेवलेली असते. घरात कुठंही प्रवाह मर्यादेबाहेर गेला की सगळ्यांत आधी तिनं वितळायचं. पण घरात इस्त्री येते, मग गीझर येतो, फ्यूज वरचेवर उडू लागतो. ऐन क्रिकेटच्या सामन्यात कुणीतरी वैतागून फ्यूजच्या तारेचे दोन पदर पिळून बांधतं. पुढच्या खेपेला जुन्या वायरीतला तांब्याचा जाड पदर. त्या दिवसापासून फ्यूज उडायचा थांबतो आणि घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. मर्यादा ओलांडली जातच असते. आता वितळायची पाळी फ्यूजची राहिलेली नसते. ती भिंतीतल्या कुठल्यातरी जुन्या जोडावर गेलेली असते.

एमसीबी आल्यावर हा प्रकार संपायला हवा होता. जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीनं १९२४ मध्ये आपोआप पडणाऱ्या आणि पुन्हा वर करता येणाऱ्या अशा छोट्या स्विचचं पेटंट घेतलं होतं. आपल्या घरांत तो सर्रास दिसू लागला तो गेल्या तीन-चार दशकांत. त्याला पदर पिळून बांधता येत नाही. पण बदलता येतो. सोळा अँपिअरचा ‘सारखा पडतोय’ म्हणून बत्तीसचा बसवला जातो आणि किटकॅटच्या काळातली चूक नव्या डब्यात सुरू राहते. एमसीबीचा आकडा उपकरणाकडे बघून ठरत नाही, तो मागच्या तारेच्या जाडीवरून ठरतो. तो तारेचा पहारेकरी आहे. तार न बदलता पहारेकरी ढिला केला तर त्या चकचकीत डब्याचा उपयोग शून्य.

नळाला बांधलेलं अर्थिंग

जुन्या चाळींत दोन पिनांचे सॉकेट होते, अर्थिंगचा पत्ता नव्हता. पुढे फ्रीज आणि गीझर आले तेव्हा तिसऱ्या पिनेसाठी सोपी युक्ती निघाली. मोरीतल्या लोखंडी नळाला क्लॅम्प लावायचा आणि अर्थची तार त्याला बांधायची. पाण्याची लोखंडी पाइपलाइन थेट जमिनीत जात असल्यामुळे काम भागत असे.

मग गंजलेले पाइप काढून प्लंबरनं प्लास्टिकचे बसवले. त्यात त्याची चूक काहीच नव्हती. त्याला पाणी आणायचं होतं, त्यानं आणलं. पण त्याच दुपारी अख्ख्या घराचं अर्थिंग तुटलं आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण सॉकेटचं तिसरं भोक जागेवरच होतं. याहून वाईट म्हणजे, अशा तुटलेल्या अर्थच्या तारेला एका उपकरणातून फेज लागली, तर ती तार जिथं जिथं गेली आहे ती सगळी उपकरणं जिवंत होतात. वॉशिंग मशिनमध्ये बिघाड आणि झटका फ्रीजच्या दांड्याला, असा चक्रावून टाकणारा अनुभव अशा घरांत येतो. लोखंडी पाइपचा एखादा तुकडा मोरीत उरला असेल तर नळालाही ‘करंट’ येतो.

जिथं अर्थिंगसाठी रीतसर खड्डा केलेला होता, तिथंही निगा राहिलेली नसते. कोळसा आणि मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, त्याचा विरोध मोजायचा असतो. कित्येक सोसायट्यांत आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि खड्डा नेमका कुठे आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही.

झटक्यापासून माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून बघतो. जेवढा गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे मधे कुठंतरी गळती आहे, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, असं धरून तो क्षणार्धात वीज तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी या गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवली होती. सोळा अँपिअरचा एमसीबी ज्या प्रवाहाला पडतो त्याच्या पाचशेव्या हिश्शाइतकीही ही गळती नसते. एमसीबी असताना माणसं विजेच्या धक्क्यानं का दगावतात, याचं उत्तर या आकड्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं होणाऱ्या मृत्यूंची देशभरातली संख्या वर्षाला दहा हजारांवर असते. त्यात शेत, रस्ता, कारखाना, घर सगळं आलं.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की बऱ्याचदा पहिल्याच दिवशी तो पडायला लागतो. पूर्वी तार वाचवण्यासाठी दोन-तीन खोल्यांना, कधी शेजारच्या बिऱ्हाडालाही, एकच न्यूट्रल दिलेला असे. एका वाटेनं गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेनं परत येतो, हिशेब जुळत नाही आणि उपकरण आपलं काम चोख करतं. ओलीनं मऊ झालेल्या भिंतीतली गळतीही त्याला लगेच कळते, म्हणून पावसाळ्यात तक्रारी वाढतात. अशा वेळी ‘कटकट नको’ म्हणून आरसीसीबी काढून टाकायला सांगणारी घरं थोडी नाहीत.

जिना कुणाचा?

चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे एका दुमजली घराला आग लागली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि वरची माणसं झोपेत. खालच्या दुकानातल्या वायरिंगनं आणि विद्युत साहित्यानं पेट घेतल्याचं अग्निशमन दलाकडून सुरुवातीला सांगण्यात आलं. एकाच कुटुंबातले सात जण गेले.

खाली दुकान, वर राहणारी माणसं आणि मधे एकच अरुंद जिना ही रचना मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांत जागोजागी आहे. आणि बहुतेक इमारतींत सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर, मेन स्विच आणि वर जाणाऱ्या जाड तारा याच जिन्याखाली असतात. तिथंच रद्दी, जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, हल्ली चार्जिंगला लावलेली दुचाकीही. वरून जळमटं. आग लागलीच तर ती पळण्याच्या एकमेव वाटेवर लागते.

या जिन्यातल्या तारांचा धनी कोण, हे ठरत नाही म्हणून त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. मुंबईत १९६९ च्या कायद्यानं १९,६४२ इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, ठरल्या. त्यांतल्या हजारो अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे. मंडळाचं लक्ष साहजिकच आधी तुळया, छत आणि सज्जे यांच्याकडे जातं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ घर राहण्याजोगं राखण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. पण शे-दोनशे रुपये भाडं घेणारा मालक खर्चाला तयार नसतो, आणि पागडीच्या खोलीतला भाडेकरू ‘उद्या इमारत पुनर्विकासात जाणारच आहे’ म्हणून थांबतो. हा ‘उद्या’ कधीकधी वीस वर्षं लांबतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत चित्र निदान कागदावर स्पष्ट आहे. आदर्श उपविधींनुसार सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतच्या तारा संस्थेच्या, तिथून पुढच्या सदस्याच्या. तरी सर्वसाधारण सभेत रंगकाम, लिफ्ट आणि पार्किंगवर तासन्‌तास चर्चा होते. जिन्यातली केबल चाळीस वर्षांपूर्वी किती फ्लॅटच्या किती भारासाठी टाकली होती, हा विषय क्वचितच निघतो. दरम्यान प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन-दोन एसी लागलेले असतात. अशा तीन फेजच्या इमारतीत मुख्य न्यूट्रलचा जोड सुटला, तर काही घरांत दोनशे तीसऐवजी तीनशेहून अधिक व्होल्ट शिरतात आणि एका रात्रीत टीव्ही, फ्रीज, राउटर जळून जातात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मग ‘वीज कंपनीकडून भरपाई कशी मागायची’ याची चर्चा रंगते. दोष बऱ्याचदा सोसायटीच्याच मीटर खोलीत असतो.

कुठून सुरुवात करायची

पहिली पायरी मोजणीची. वायरमन मेगर नावाच्या यंत्रानं, मेन बंद करून आणि उपकरणं काढून, तारांवर पाचशे व्होल्टचा दाब देतो आणि वेष्टन किती धरून आहे ते मेगोहममध्ये वाचतो. जुना ठोकताळा असा, की पन्नासला पॉइंटच्या संख्येनं भागायचं. येईल त्यापेक्षा आकडा कमी नसावा, आणि अख्ख्या घराचा एक मेगोहम आला तरी चालेल. नव्या वायरिंगमध्ये तो यापेक्षा कितीतरी जास्त येतो. कित्येक जुन्या घरांत ही चाचणी आजवर एकदाही झालेली नसते. अर्थिंगचा विरोध मोजण्याची चाचणी वेगळी, तीही याच वेळी उरकता येते.

सगळं वायरिंग एकदम बदलणं परवडत नसेल, तर क्रम महत्त्वाचा. मीटरपासून नवी जाड तार आणून नवा वितरण डबा बसवायचा आणि गीझर, एसी, ओटा या तिघांना प्रत्येकी स्वतंत्र तार द्यायची. एवढ्यानं जुन्या तारांवर दिवे-पंखेच उरतात, म्हणजे ज्या भारासाठी त्या टाकल्या होत्या जवळपास तोच. सोबत जमिनीपर्यंत पोचणारं खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. रबरी किंवा ॲल्युमिनियमची तार असेल तर तिला तांब्याचा तुकडा पिळून काळी टेप गुंडाळण्याचा मोह टाळून ती खोली पुढच्या रंगकामाच्या वेळी पूर्ण बदलायची. घराला पीओपीचं छत करताना तर हे आधी व्हायला हवं. प्रत्यक्षात उलटं होतं. पंधरा नवे दिवे छतात बसतात आणि त्यांना वीज मिळते ती जुन्याच गट्टूतून, जो आता कायमचा झाकला गेलेला असतो.

हे काम परवानाधारकाकडून करून घेतलं की त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मिळतो, आणि मंजूर भार वाढवून मागताना वीज कंपनीकडे तो लागतोच. आणखी दोन गोष्टी फुकटात होतात. भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी नळ्या कुठून गेल्या त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, आणि डब्यातल्या प्रत्येक एमसीबीखाली तो कुठल्या खोलीचा आणि मागची तार किती एमएमची, हे लिहून चिकटवायचं. दहा वर्षांनी ‘सारखा पडतोय’ म्हणून मोठा एमसीबी घेऊन येणाऱ्या नव्या वायरमनला ती चिठ्ठी आधी वाचावी लागेल.